सत्काराच्या दिवशीचं फिनेल

ज्या दिवशी गावात सत्कार झाला त्या दिवशी शेणाच्या कुंडीत फिनेल ओतलं. आठवड्यात गॅस बंद झाला. पुढच्या हिवाळ्यात सुलोचना गेली.

सुलोचना म्हणजे माझी पत्नी. आता तुम्ही जळगावहून एवढ्या लांब आलात, तुमच्या विशेषांकात आपल्या भागातल्या लोकांनी मिळून उभ्या केलेल्या कामांचा गौरव करायचा म्हणता, तर करा, माझी हरकत नाही, पण गौरव या शब्दाची मला शिसारी बसली आहे हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या गल्लीचा गॅस चालू होता तोवर त्याला गौरवाची गरज कधी पडली नाही, आणि गौरव झाला त्या दिवशी तो मेला. हे तुम्ही छापणार नाही, मला माहीत आहे, तरी लिहून घ्या.

मी याच गावचा. पारोळ्यापासून आत, एसटी आली तर आली. वडील शेती करायचे, मी पुस्तकात डोकं घालून बसणारा, वडिलांना वाटायचं याच्या हातून औतकाठी होणार नाही, आणि ते बरोबरच होतं. धुळ्याला देवपुरात खोली घेऊन शिकलो, पांझरेच्या काठानं पुस्तक वाचत फिरायचो, मग परत आलो आणि तालुक्याला एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागलो, सायकलनं जायचं, सायकलनं यायचं, आयुष्य त्यातच गेलं. गावात मला नाना म्हणतात. पण नानाला कोणी काही विचारायचं नाही, विचारायचं ते अक्काला. अक्का म्हणजे सुलोचनाच. ती जामनेरकडची, तिकडची बोली आमच्याहून निराळी, लग्न होऊन आली तेव्हा विहिरीवर बायका हसायच्या, कोणता गावनी शे व माय ही, म्हणायच्या, आणि तीही काही ऐकून घेणारी नव्हती, ती म्हणायची, आहे म्हणायचं तिथं तुमचं सारखं शे शे ऐकून मला वाटतं या गावात सगळ्यांना थंडीच वाजते आहे. त्या बायका इतक्या हसल्या की त्या दिवसापासून तिला अक्काच म्हणायला लागल्या.

तिला दमा होता. लहानपणापासून नाही, लग्नानंतरचा. आमचं स्वयंपाकघर म्हणजे एक अंधारी खोली, कौलात धुरासाठी एक भोक, आणि चुलीत काय, तर कापसाची पऱ्हाटी, तुरकाठ्या, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या. काय सांगू तुम्हाला, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मी रोज मिटक्या मारत खाल्ली आणि ती भाकरी कशी होते ते बघायला आत कधी गेलो नाही, खोकला मात्र बाहेर ऐकू यायचा. आमच्याच घरात असं नव्हतं, गल्लीतल्या सगळ्याच बायकांचे डोळे लाल असायचे, त्याला कोणी आजार म्हणत नव्हतं.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला सरकारी योजनेतून सार्वजनिक गोबरगॅस आला. एका घराचा नाही, सगळ्या गल्लीचा एक. साहेब आले, खड्डा खणला, विटांनी बांधला, त्यावर गॅस भरला की वर उचलली जाणारी लोखंडी टोपी बसवली, घरोघरी नळी आणि एक एक शेगडी दिली आणि साहेब निघून गेले. अशा टोप्या मी आजूबाजूच्या गावांत पुष्कळ पाहिल्या आहेत, गंजून आडव्या पडलेल्या, त्यात पोरं लपाछपी खेळतात. आमची चालली याचं कारण सुलोचना. तिनं नियम केले. रोज उजाडताना प्रत्येक घरानं एक टोपली शेण खड्ड्याच्या तोंडाशी असलेल्या कुंडीत टाकायचं. ज्याच्या घरी गुरं नाहीत त्यानं पाणी आणायचं आणि शेण कालवायचं, तेवढ्यावर त्याला गॅस. गॅसचा कॉक सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा उघडायचा, त्याच वेळी सगळ्यांनी स्वयंपाक करायचा. खड्ड्यातून बाहेर पडणारी मळी शेताला पाळीपाळीनं. कॉक उघडायचा पाना तिच्या कमरेला. आणि सांगतो, ही गोष्ट मला कोणत्या पुस्तकात सापडली नाही, सकाळी सगळ्या गल्लीतून एकाच वेळी भाकरी थापल्याचा आवाज यायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मी सायकल काढताना थांबून ऐकायचो. धूर नाही. नुसता आवाज.

एक नियम तिनं सगळ्यात कडक ठेवला होता. कुंडीत साबणाचं पाणी नाही, राख नाही, कसलंही औषध नाही. मी तिला वाचून सांगितलं होतं की आत जंतू असतात, ते शेण खातात आणि गॅस सोडतात, जंतू मेले की गॅस गेला. ती ते बायकांना सांगायला गेली तर म्हणाली, असं समजा खाली एक म्हैस बांधली आहे, तुम्ही म्हशीला साबणाचं पाणी पाजता का? झालं. तेव्हापासून सगळं गाव त्या खड्ड्याला अक्कानी म्हैस म्हणायला लागलं. तुमची म्हैस काय म्हणस, असं मला लोक रस्त्यात विचारायचे. हे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण पुढं जे झालं ते माहीत नव्हतं म्हणून झालं, असं म्हणायची सोय कोणाला नाही. बठ्ठासले, सगळ्यांना, माहीत होतं.

गल्लीच्या टोकाला, नाल्याच्या अंगाला, बौद्ध वस्ती आहे. तिथली पहिली दोन-तीन घरं आमच्या गल्लीला लागूनच. त्यांतलं एक कौतिकबाईचं. तिच्या दोन म्हशी. टोपीत गॅस कमी भरायला लागला तेव्हा गल्लीतल्या शहाण्या लोकांनी ठरवलं की कौतिकबाईकडूनही शेण घ्यावं. ती आणायची. रोज डोक्यावर टोपली घेऊन यायची, टाकायची, जायची. नळी मात्र तिच्या घराच्या अलीकडे संपत होती. साहेबांनी तिथपर्यंतच टाकली, म्हणायचे लोक. एक दिवस ती कुंडीपाशी उभी राहून सुलोचनाला म्हणाली, अक्का, शेण आम्हनं चालस आन नळी नई चालस का? दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचनानं कॉक उघडलाच नाही. बायका आल्या, अक्का गॅस नई शे, ती म्हणाली, माहीत आहे. पुरुष आले, ती म्हणाली, नळी पुढं गेली की गॅस येईल. संध्याकाळी पुन्हा नाही. सगळ्या गल्लीनं चुली पेटवल्या, डोळे चोळले, शिव्या दिल्या, आणि सकाळी माणसं कुदळ घेऊन चर खणायला आली. धर्म बुडेल म्हणून दारात ओरडणारा एक म्हाताराही त्यात होता, त्याला चहा वेळेवर लागायचा. आपल्याकडे समतेची चर्चा पुस्तकांतून किती चालते, मीही वाचली आहे, पण एका दिवसाच्या चहानं जेवढं झालं तेवढं त्या चर्चेनं झालेलं मी पाहिलं नाही.

असा तो काही वर्षं चालला. कोणी बघायला आलं नाही. मग नव्वदनंतर एकदम सगळ्यांना पर्यावरण आठवलं. वर्तमानपत्रात यायला लागलं, शाळेत चित्रं काढायला लावायला लागले, आणि आमच्या भाऊसाहेबांना कळलं की आपल्या गावात गोबरगॅस आहे. भाऊसाहेब दूध सोसायटीचे चेअरमन. त्यांच्या घरी सिलिंडर होता. आमच्या गल्लीत त्यांचे पाय मतं मागायलाच लागायचे, ते आता कोसा रेशमाचा फेटा बांधून कुंडीपाशी उभे राहायला लागले, रुमाल नाकाला लावून. जिल्ह्याचे पाहुणे येणार, म्हणाले, आदर्श गाव जाहीर होणार, अक्काचा सत्कार होणार. सुलोचना म्हणाली, सत्कार राहू द्या, टोपी गंजायला लागली आहे, तिला रंग द्या. त्यांनी रंग दिला. टोपीला वरून पिवळा आणि निळा रंग, त्यावर गावाचं नाव, आणि आतून तसाच गंज. भिंतींना चुना, खड्ड्याभोवती रांगोळी, शेणाच्या कुंडीला केळीचे खुंट. केळीचे खुंट पाहून कौतिकबाई म्हणाली, नाना, म्हैसनं लगीन शे का? मी त्या सगळ्या दिवसात एवढ्या एका गोष्टीला हसलो.

भाऊसाहेबांची एकच काळजी होती. वास. अक्का, पाहुण्यांसमोर हा वास बरा दिसत नाही, म्हणाले. वास दिसतो कसा ते त्यांनाच माहीत. ती म्हणाली, भाऊसाहेब, शेण आहे, अत्तर नाही, पाहुणे खेड्यातलेच असतील ना. ते हसले. ते हसले म्हणजे विषय संपला असं तिला वाटलं.

सत्काराच्या दिवशी तिला सकाळपासूनच मांडवात नेऊन बसवलं. इतकी वर्षं उजाडताना कुंडीपाशी उभी राहणारी बाई त्या एका दिवशी तिथं नव्हती, आणि तेवढंच पुरलं. ग्रामपंचायतीचा शिपाई लोटन, त्यानं पंचायतीत संडास धुवायला आलेला फिनेलचा डबा कुंडीत उपडा केला. नुसता शिंपडला नाही. डबा संपवला. वर पाणी मारलं, म्हणजे सगळं व्यवस्थित खाली गेलं. काळजीपूर्वक काम केलं होतं, तसं काम पंचायतीत कोणी दुसऱ्या कशाचं केलेलं मला आठवत नाही.

पाहुणे आले. एका घरात जाऊन त्यांनी शेगडी पेटवली, टोपीत आधीचा गॅस होता, निळी ज्योत आली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. भाषणात म्हणाले, या माउलीनं शेणातून सोनं काढलं. सुलोचनाला शाल दिली, नारळ दिला, लाकडाच्या फळीवर पितळी पत्रा ठोकलेलं काहीतरी दिलं. मग जेवण. भरीत-पुरी. आणि भरताची वांगी कशावर भाजली म्हणता? पऱ्हाटीच्या जाळावर, मैदानात, आणि पुऱ्या तळल्या तोडून आणलेल्या बाभळीच्या लाकडावर. धूर एवढा की पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लोकांना भावनेचं वाटलं.

संध्याकाळी सुलोचना शाल तशीच अंगावर घेऊन कुंडीपाशी गेली आणि उभी राहिली. मी मागं होतो. ती खाली वाकली, हात बुडवला, वास घेतला. माझ्याकडे बघून म्हणाली, मेली हो. एवढंच. मला वाटलं पायाखाली काही आलं. मग कळलं, म्हैस.

लोटनला विचारलं तर तो बिचारा खरं बोलला, अक्का, भाऊसाहेबनी सांगं वास येवाले नको, मी टाकी दिधं, मन्हा काय दोष शे? त्याचा दोष नव्हताच. आठवड्यात टोपी खाली बसली. शेगड्या फुरफुरल्या आणि विझल्या. आता साधी गोष्ट होती, भाऊसाहेबांनी चार माणसं द्यायची, खड्डा उपसायचा, नव्यानं शेण भरायचं, थंडी होती तरी दोन-अडीच महिन्यांत गॅस पुन्हा आला असता. पण पेपरात बातमी छापून आली होती. आदर्श गावाचा आदर्श गॅस बंद पडला असं कसं म्हणायचं? तर त्यांनी काय म्हटलं ऐका. त्यांनी हळूच पसरवलं की वस्तीतलं शेण घ्यायला लागल्यापासून म्हशीची तब्येत बिघडतच होती. कौतिकबाईचं शेण खड्ड्याला मानवलं नाही. काय सांगू तुम्हाला, शेणाला जात लावणारा माणूस मी तोवर पुस्तकातही वाचला नव्हता. आणि माणसं मान डोलावत होती. तिचीच टोपली कुंडीत पडायची तेव्हा याच माणसांच्या घरी चहा उकळत होता.

पारावर बैठक भरली, भाऊसाहेब बोलायला उभे राहिले, आणि सुलोचना पितळी कळशीभर मळी घेऊन गेली आणि त्यांच्या पायाशी ठेवली. म्हणाली, कौतिकबाईच्या म्हशी फिनेल पितात का ते एकेकानं वास घेऊन सांगा. भाऊसाहेब मागं सरकले. पहिल्यांदा एक म्हातारी उठली, वाकली, म्हणाली, हाऊ तं दवाखानाना वास शे. मग दुसरी, मग पुरुष, सगळ्यांनी वास घेतला, रांग लावून घेतला, प्रसाद घ्यावा तसा. कोणी हसलं, कोणी भाऊसाहेबांकडे बघितलं. मला वाटलं, आता झालं, आता हे उठतील, घमेली आणतील. तिलाही वाटलं असणार, ती पदर खोचून उभी होती.

सगळे उठले आणि घरी गेले.

त्या पाराकडे मी अजून बघत नाही. भाऊसाहेबांचा मला राग नाही, खरंच नाही, तसा माणूस प्रत्येक गावात असतो, त्याला फेटा लागतो, फोटो लागतो. पण सगळं समजलेली, नाकानं खात्री करून घेतलेली माणसं घरी जाऊन जेवली, याला मी काय म्हणू? वर्षानुवर्षं त्यांच्या बायकांना धुराशिवाय भाकरी मिळाली होती, म्हणजे भाजायला मिळाली होती. उद्या सोसायटीत दुधाचं माप कमी लागेल, एवढ्या भीतीनं ते गप्प बसले. कोणी म्हणालं, नाना, आता सिलिंडर येणारच शेतस गावात. सिलिंडर तीन घरांत आले. बाकीच्यांनी चुली सारवल्या.

खड्डा आम्ही उपसला. सुलोचना, कौतिकबाई, तिचा नवरा, मी, आणि तो लोटन, हो, लोटन, कोणाला न विचारता बादली घेऊन आला. मला बादली धड उचलता येत नव्हती, कौतिकबाई म्हणायची, नाना, तुम्ही पुस्तक वाचा, आम्ही ऐकस. मळी शेतातही टाकता येईना, उकिरड्यापलीकडे नाल्यात टाकावी लागली. मग पुन्हा शेण टाकायला लागलो. पण तो खड्डा सगळ्या गल्लीच्या शेणावर बांधलेला. पाच-सहा घरांच्या टोपल्यांनी त्याचं काय होणार? टोपी वीतभर उचलायची आणि बसायची. सुलोचना दारोदार गेली. आज नई अक्का, गोवऱ्या थापना शेतस. असं उत्तर.

पुढचा हिवाळा आला. आमची चूल मी पेटवायचो, तिला बाहेर ओट्यावर बसवायचो, भाकरी मला जमायची नाही, मी भात टाकायचो. पण बाहेर तरी काय होतं? सगळ्या गल्लीचा धूर, सकाळचा जड, खालीच बसलेला. पूर्वी जसा सगळ्यांकडे एका वेळी गॅस यायचा तसा आता सगळ्यांचा धूर एका वेळी यायचा. फिनेलनं ती गेली असं मी म्हणत नाही. दमा तिला होताच, डॉक्टरनंही तेच सांगितलं. मी फक्त कशानंतर काय झालं ते सांगतो आहे. धुळ्याला नेताना जीपमध्ये ती म्हणाली, कौतिकबाईला सांगा टोपीखाली चाळणी अडकली आहे, ती काढा. चाळणी म्हणजे काय, कुठली, मला कळलं नाही. ते तिचं शेवटचं नीट बोलणं.

शोकसभा भाऊसाहेबांनी घेतली. पुन्हा मांडव. म्हणाले, अक्का म्हणजे निसर्गाची लेक. म्हणाले, त्यांचं स्मारक व्हावं, खड्ड्याभोवती बाग करू, नाव देऊ. मला बोलायला उभं केलं. मी सभेत कधी बोललेलो नाही. मी म्हटलं, बाग नको, उद्या सकाळी प्रत्येक घरानं एक टोपली शेण आणा. आणि खाली बसलो. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी कुंडीपाशी जाऊन उभा राहिलो. कौतिकबाई आली. लोटनची बायको आली. गल्लीतली एक विधवा बाई आली, जिच्याकडे गुरं नाहीत, ती पाण्याची घागर घेऊन आली. ऊन वर येईपर्यंत थांबलो. बागेला वर्गणी देणाऱ्यांतलं कोणी आलं नाही.

तेव्हा मी मोठा खड्डा सोडून दिला. निवृत्तीनंतर माझ्या परसात लहान खड्डा बांधला, कौतिकबाईच्या नवऱ्यानं विटा लावल्या. लोकांना वाटतं नाना बायकोच्या दुःखात शेण कालवतो. वाटू द्या. तुम्हाला गौरव करायचाच असेल तर गावाचं नाव टाकू नका, या गावाचा त्यात काही संबंध नाही. फोटो काढू नका. ज्यांना असं काही करायचं असेल त्यांना माझा आशीर्वाद आहे, फक्त आपला पत्ता देऊ नका म्हणावं कोणाला.

आता चार घरांना गॅस आहे. थंडीत एका वेळचाच येतो.